फाटकापाशी घुटमळणारा माणूस

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची 'द मंकीज पॉ', म्हणजे 'माकडाचा पंजा', ही कथा १९०२ साली प्रसिद्ध झाली. तीन इच्छा पुरवणारा वाळका पंजा, गेलेला मुलगा आणि रात्री दारावर पडणारी थाप एवढं बहुतेकांना ऐकून ठाऊक असतं. धारप-मतकरींच्या भयकथा वाचत वाढलेल्या माझ्या पिढीने ती भुताची गोष्ट म्हणूनच वाचली. मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या पर्सोनेल खात्यात सत्तावीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर ही कथा पुन्हा वाचायला घेतली, तेव्हा मी पंज्यापाशी नाही, फाटकापाशी थांबलो.

कथा तीन भागांत आहे. पावसाळी, गारठलेली रात्र. म्हातारे व्हाइट आणि त्यांचा मुलगा हर्बर्ट बुद्धिबळ खेळताहेत, आई शेकोटीजवळ विणत बसली आहे. पहिल्या परिच्छेदातच म्हातारा आपल्या राजाला नको त्या धोक्यात घालतो आणि चूक लक्षात येते तेव्हा वेळ गेलेली असते. माणूस कसा आहे हे सांगायला जेकब्जना एवढी एकच खेळी पुरते. पुढे पंजा हातात आल्यावर तो काय करणार हे आपल्याला आधीच कळलेलं असतं, फक्त ते कळलंय हे आपल्याला कळत नाही.

मग येतो सार्जंट-मेजर मॉरिस, भारतात एकवीस वर्षं काढून परतलेला. पंज्यावर एका फकिराने मंत्र घातलाय म्हणतो. भारतातून आलेली वस्तू म्हणजे शाप, ही त्या काळच्या इंग्रज लेखकांची खोडच होती आणि ती मला खटकते. पण मॉरिसचं पात्र अव्वल आहे. त्याच्या तिन्ही इच्छा पुऱ्या झाल्या. कोणत्या, ते तो सांगत नाही. पहिल्या मालकाची तिसरी इच्छा मरणाची होती, एवढंच सांगतो आणि पंजा आगीत टाकतो. व्हाइट तो झडप घालून बाहेर काढतात. इथे भूत नाही, रक्त नाही, फक्त एक माणूस तोंड मिटून बसलाय आणि वाचकाचा जीव टांगणीला लागलाय.

इच्छा काय मागायची? हर्बर्ट सुचवतो, दोनशे पौंड. घराचं उरलेलं कर्ज फिटेल. डोंबिवलीच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. दादर-परळच्या चाळी सोडून माणसं इकडे आली ती स्वतःच्या दोन खोल्यांसाठी, आणि त्या खोल्यांचे हप्ते भरत त्यांनी वर्षानुवर्षं लोकलमध्ये लोंबकळत काढली. व्हाइट कुटुंब हावरट नाही. ही गोष्ट म्हणजे हावेची शिक्षा, असं शिकवतात तेव्हा मला ते पटत नाही.

दुसरा भाग दिवसाउजेडी घडतो. ऊन पडलंय, हर्बर्ट थट्टा करत कामावर गेलाय. आईला खिडकीतून एक अनोळखी माणूस दिसतो. चांगल्या कपड्यांतला, नवी चकचकीत हॅट घातलेला. तो तीनदा फाटकापाशी थांबतो आणि पुढे जातो. चौथ्या वेळी फाटक ढकलतो. घरात आल्यावर खाली वाकून पँटीवरचा कापसाचा धागा उचलतो. तो हर्बर्टच्या कारखान्यातून आलाय. मुलाला फार लागलंय, पण आता त्याला वेदना नाहीत, असं सांगतो. आई देवाचे आभार मानते. मग त्या वाक्याचा अर्थ तिच्या डोक्यात शिरतो.

हा माणूस मी होतो. नव्वदच्या दशकात एका हेल्परचा अपघात झाला आणि मला त्याच्या घरी पाठवलं. कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीत. एक जुना फोरमन सोबत होता. चाळीच्या तोंडाशी टपरीवर आम्ही उगाच चहा घेतला. नंतर मी शर्ट खोचला, किल्ल्या एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकल्या. वर गेल्यावर म्हणालो, "जरा सीरियस आहे, चला." तो तासाभरापूर्वीच गेला होता. त्याची आई पदराला हात पुसत म्हणाली, "डबा घेऊ का बरोबर?"

त्यामुळे त्या कापसाच्या धाग्याइतकं खरं मला या कथेत दुसरं काही वाटत नाही.

तो माणूस पुढे सांगतो की कंपनी कसलीही जबाबदारी मानत नाही, पण मुलाच्या नोकरीची कदर म्हणून काही रक्कम देऊ इच्छिते. ती रक्कम असते दोनशे पौंड. आता एक हिशोब बघा. ब्रिटनमध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा १८९७ साली झाला. कामावर मृत्यू झाल्यास तीन वर्षांचा पगार किंवा १५० पौंड, यांपैकी जास्त असेल ते, पण ३०० पौंडांच्या आत. आठवड्याला २५ शिलिंग पगार धरला तर तीन वर्षांचे होतात १९५ पौंड. म्हणजे पंज्याने दिलेली रक्कम चमत्काराची नाही, हजेरीपटावरची आहे. जेकब्जनी हा हिशोब कथेत मांडलेला नाही, पण लंडनच्या धक्क्यावर वाढलेल्या या माणसाला मजुराच्या जिवाचा भाव माहीत नसेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे असा कायदा १९२३ साली आला. त्याचे अर्ज मी स्वतः भरलेत.

तिसऱ्या भागात आई मुलाला परत मागते. व्हाइट थरथरत सांगतात की प्रेताची ओळख मला फक्त कपड्यांवरून पटली होती. ही माहिती जेकब्जनी तोवर राखून ठेवली आहे. ती कळल्यामुळेच पुढची थाप असह्य होते, कारण आता दाराबाहेर काय उभं असेल हे आपणच मनात रंगवतो. डोंबिवलीच्या कारखान्यांत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ला जे स्फोट झाले, त्यानंतर माणूस ओळखायला चाचणीच्या कागदाची वाट बघावी लागलेली घरं या गावात आहेत. त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

थाप पडल्यावर आई खुर्ची ओढून दाराचा वरचा बोल्ट काढू बघते. बाप जमिनीवर चाचपडत पंजा शोधतो. एकाच घरात दोघंही त्याच मुलावरच्या मायेपोटी धडपडताहेत आणि एकमेकांच्या विरुद्ध. कथेतला खरा पेच तो हा आहे. पंजा सापडतो, तिसरी इच्छा मागितली जाते, पण तिचे शब्द आपल्याला ऐकवले जात नाहीत. दार उघडतं तेव्हा समोर रिकामा रस्ता असतो.

मूळ कथा जेमतेम दहा-बारा पानांची आहे, एका बैठकीत होते. वाचाल तेव्हा दारावरच्या थापेपर्यंत धावत जाऊ नका. दुसऱ्या भागात त्या फाटकापाशी थांबा. त्या माणसाला जेकब्जनी नाव दिलेलं नाही.