टाकी भरलेली असावी की अर्धी?

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर पर्वणीच्या दिवशी तापीस्नानाला येणाऱ्यांत आता पायी येणारे थोडे आणि वाहनाने येणारे फार. खंडव्याकडून येतात तसे सीमेपलीकडील भुसावळ-जळगावहूनही येतात. आणि स्नान आटोपून नातलग एकत्र बसले की पेट्रोलच्या भावावर, मग गाडीच्या ‘ॲव्हरेज’वर बोलणे येतेच. एक पक्ष म्हणतो, टाकी पूर्ण भरू नये. पेट्रोलचेच ओझे गाडीला ओढावे लागते. दुसरा तितक्याच खात्रीने सांगतो की भरल्या टाकीवर गाडी लांब पळते, काटा अर्ध्याखाली आला की पेट्रोल भराभर संपते. मते परस्परविरुद्ध, आणि दोन्हींना अनुभवाचा दाखला! अशा वादात हिशेब मांडून पाहावा, हे बरे.

प्रथम ओझे. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो. लहान मोटारीच्या टाकीत ३६ लिटर मावत असतील, तर भरल्या टाकीतील पेट्रोल २७ किलोचे झाले. अमेरिकन सरकारच्या ऊर्जा विभागाचा ठोकताळा असा की, गाडीत ४५ किलो वजन वाढल्यास ॲव्हरेज सुमारे एक टक्क्याने घटते. आता जो टाकी भरून ती संपत येईपर्यंत गाडी चालवतो, त्याच्या गाडीत सरासरीने साडेतेरा किलो पेट्रोल असते. जो नेहमी अर्धीच भरतो, त्याच्या गाडीत पावणेसात किलो. फरक सात किलोंचाही नाही. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी आणि लिटरला वीस किलोमीटर देणारी गाडी ५० लिटर पेट्रोल घेते. त्यातून या युक्तीने वाचेल ते अवघे ७५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा कप! शिवाय अर्धी टाकी भरणाऱ्यास पंपावर दुप्पट खेपा घालाव्या लागतात, आणि पंप वाटेवर नसेल तर दोन किलोमीटरचा एकच फेरा १०० मिलिलिटर खातो.

चढावर तरी ओझे जाणवेल, असे कोणी म्हणेल. बऱ्हाणपूरहून खंडव्याकडे जाताना असीरगड दिसतो. त्याचा माथा पायथ्यापासून सुमारे २५० मीटर उंच आहे. रस्ता काही माथ्यावरून जात नाही. परंतु गेला असता, तरी हे जादा सात किलो वर चढविण्यास दोन-तीन मिलिलिटरच पेट्रोल लागले असते. स्कूटरची तर गोष्टच नको. तिच्या टाकीतले पाच लिटर चार किलोंचेही भरत नाहीत. मागे बसणाऱ्याच्या मांडीवरील भाजीची पिशवी त्याहून जड असते.

ओझ्याचा मुद्दा मुळात खोटा नाही. तो विमानाला लागू पडतो. बोइंग ७४७-४०० या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ३९७ टन, आणि त्याच्या टाक्यांत १७० टनांहून अधिक इंधन मावते. तिथे इंधन वाहून नेण्यासाठीच पुष्कळ इंधन जाळावे लागते. आपल्या मोटारीचे तसे नाही.

जुन्या स्कूटरवाल्यांचा आणखी एक तर्क असे : टाकी भरलेली असली की पेट्रोल जोराने उतरते आणि जास्त जळते. उताराचा न्याय बऱ्हाणपूरकरांना समजावून सांगायला नको. १६१५ च्या सुमारास, खानखानाच्या काळात झालेल्या कुंडी भंडाऱ्याचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याकडून जमिनीखालील कालव्याने केवळ उताराच्या बळावर शहरात आले. टाकीतून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येते ते त्याच न्यायाने. परंतु कार्बोरेटरच्या वाटीत एक फ्लोट तरंगत असतो, आणि पेट्रोल ठरलेल्या पातळीला पोचताच तो वाट बंद करतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीतला चेंडू करतो तेच काम. टाकी काठोकाठ असो वा तळाशी, इंजिनाला पेट्रोल मिळते ते या वाटीतूनच. नव्या गाड्यांत फ्लोट गेला आणि पंप आला. तोही दाब एकसारखाच ठेवतो.

मग काटा अर्ध्याखाली आल्यावर पेट्रोल भराभर का संपते? पेट्रोल भराभर संपत नाही, काटा भराभर पडतो! टाकी गळ्यापर्यंत भरली म्हणजे तिच्यातील फ्लोट जितका वर जाऊ शकतो, त्याच्याही वर थोडे पेट्रोल राहते. ते जळेपर्यंत काटा ‘फुल’वरून हलत नाही आणि मालक खूश असतो. पुढे टाकीचा आकार आडवा येतो. सीटखालच्या सापडेल त्या जागेत बसविलेली टाकी वरून खालपर्यंत सारख्या रुंदीची क्वचितच असते. त्यामुळे काट्याच्या प्रत्येक पावात सारखे लिटर मावत नाहीत. दुसऱ्या पक्षाचा अनुभव असा खरा आहे. तो काट्याचा आहे, इंजिनाचा नव्हे.

खरी हानी होते ती टाकी सदैव तळाशी ठेवणाऱ्यांची. नव्या गाड्यांतील पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्या पेट्रोलनेच थंड राहतो. वरचेवर उघडा पडला तर तापून लवकर झिजतो. आणि रात्री-अपरात्री दुखणाईताला घेऊन इंदूर किंवा जळगाव गाठायची वेळ आली, तर अर्धा कप पेट्रोल वाचविणाऱ्या कुटुंबाला आधी उघडा पंप शोधत फिरावे लागते. उलट काठोकाठ भरण्याचा हट्टही नको. पेट्रोल दर अंशाला हजारात एक भाग फुगते. निमाडच्या उन्हात १५ अंशांनी तापले तर ३६ लिटरचे अर्धा लिटर वाढते. पंपाची नळी स्वतःहून बंद झाली की थांबावे.

बचत हवी असल्यास ती वेगात आणि चाकांतील हवेत शोधावी. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सांगत आली आहे; मोकळ्या रस्त्यावर तो पाळणारे किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

ॲव्हरेज मोजायचे तर काटा पाहू नये. नळी बंद होईपर्यंत टाकी भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. निदान तीनशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर तशीच पुन्हा भरावी आणि किलोमीटरांना या वेळी मावलेल्या लिटरांनी भागावे. दोन लिटर टाकून हे करू नये. भरण्यात पाव लिटर इकडेतिकडे झाले तरी आठव्या हिश्शाची चूक होते. तीन वेळा भरून सरासरी काढावी.