घाटाखालचा संगणक मे महिन्यात का दमतो?



अशी कल्पना करा की, तुम्ही बुलडाणा जिल्ह्यातील नांदुऱ्याला राहता आणि तुमचा आतेभाऊ बुलडाणा शहरात. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही दोघांनी मिळून दोन संगणक घरीच जोडले. सुटे भाग एकाच दुकानातून आणलेले, एकाच बनावटीचे. डिसेंबरात दोन्ही संगणक झकास चालले. मे महिना उजाडला आणि तुमचा संगणक दुपारी रखडू लागला. एके दिवशी तर तो आपोआप बंदच पडला. आतेभावाचा मात्र सुरळीत चालू! घरातली मंडळी म्हणू लागली, "एवढे पैसे घातले, त्यापेक्षा तयार संगणक घेतला असता तर बरे झाले असते."

तुम्ही म्हणाल, "आम्ही घाटाखाली, तो घाटावर. इकडे ऊन जास्त, म्हणून असे झाले." खरेच का तसे? चला, हिशेब करून पाहू.

सुटे भाग एकमेकांत कसे बसतात?

संगणक जोडणे ही एके काळी मोठ्या शास्त्रज्ञांचीच गोष्ट होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक नावाचा संगणक तयार झाला आणि तो १९६० साली कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. जुन्या रेडिओतील तापलेल्या, लालसर दिसणाऱ्या काचेच्या नळ्या तुमच्या आजोबांनी पाहिल्या असतील. त्याच जातीच्या या नळ्या. तेव्हापासून आजपर्यंत संगणक जोडणाऱ्याची एक अडचण बदललेली नाही. ती म्हणजे उष्णता.

घरी संगणक जोडणे सोपे झाले ते पुढे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याची रचना इतरांना पाहता येईल अशी खुली होती. त्यामुळे अनेक कारखाने त्याला जुळणारे भाग बनवू लागले. १९९५ साली एटीएक्स हे माप ठरले. म्हणून आज मदरबोर्ड एका कारखान्याचा आणि पेटी दुसऱ्याची असली, तरी स्क्रूची भोके बरोबर जुळतात.

वीज जाते कुठे?

पंख्याला दिलेली वीज पाती फिरवते, गिरणीला दिलेली वीज दळण दळते. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याला दिलेली वीज कुठे जाते? तो गणिते करतो हे खरे, पण जवळजवळ सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. घरगुती संगणकातील एक साधारण प्रोसेसर पूर्ण कामात असताना ६५ वॅट वीज घेतो, असे धरू. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातले सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॅटचे असते, आणि ते कथील वितळवते! त्याच्या अडीचपटीहून अधिक उष्णता नखाएवढ्या चिपमध्ये तयार होते. ती बाहेर काढली नाही तर काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा गठ्ठा आणि त्यावर पंखा बसवतात. येथे एक गैरसमज दूर करू. पंख्याखाली बसल्यावर आपल्याला गार वाटते, कारण अंगावरचा घाम वाळतो. संगणकाला घाम येत नाही! त्यामुळे पंखा प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. तो फक्त तापलेली हवा दूर सारून तिच्या जागी नवी हवा आणतो.

घाटाचा हिशेब

समजा, स्वच्छ गठ्ठा आणि पंखा असताना दर वॅटमागे प्रोसेसरचे तापमान अर्ध्या अंशाने वाढते. म्हणजे ६५ वॅटला साडेबत्तीस अंश. पेटीतील हवा खोलीतील हवेपेक्षा ६ अंशांनी गरम आहे असे धरू. डिसेंबरात खोलीत २२ अंश सेल्सिअस असेल, तर

२२ + ६ + ३२.५ = ६०.५ अंश.

मे महिन्यात नांदुऱ्याच्या पत्र्याच्या खोलीत ४३ अंश असेल, तर

४३ + ६ + ३२.५ = ८१.५ अंश.

बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आपला वेग आपणच कमी करतात, आणि तरीही तापमान वाढत गेले तर बंद पडतात. म्हणजे ८१.५ अंशांनाही संगणक चालायला हवा होता.

बरे, घाटाने किती फरक पडतो? राजूर घाट चढून बुलडाण्याला आलात की, मलकापूरपेक्षा तुम्ही साधारण ४०० मीटर उंचावर येता. उंची १,००० मीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे घाट आपल्याला देतो जेमतेम अडीच-तीन अंश!

मग खरा चोर कोण?

आपल्या भागात दसऱ्यापासून कापूस वेचणी सुरू होते. खामगावसारख्या ठिकाणी जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि रुईचे तंतू हवेत उडत राहतात. हे तंतू पात्यांच्या फटींत अडकतात, त्यांवर धूळ चिकटते आणि हिवाळाभरात त्यांचे गोधडीसारखे अस्तर तयार होते. समजा, त्यामुळे दर वॅटमागची वाढ अर्ध्या अंशाऐवजी ०.८ अंश झाली. ६५ वॅटला झाले ५२ अंश. आता पुन्हा बेरीज करा.

जानेवारीत : २२ + ६ + ५२ = ८० अंश.
मे महिन्यात : ४३ + ६ + ५२ = १०१ अंश!

पाहिलेत? दोष हिवाळ्यातच तयार झाला होता, पण थंडीने तो झाकून ठेवला. उन्हाने तो फक्त उघडा पाडला. आतेभाऊ दर महिन्याला ब्रशने धूळ काढत होता. त्याचे गणित ४० + ६ + ३२.५ = ७८.५ अंश. तुमच्या-त्याच्यातील साडेबावीस अंशांपैकी घाटाचे फक्त तीन. उरलेले साडेएकोणीस त्या ब्रशचे!

जोडताना हे विसरू नका

प्रोसेसर आणि धातूचा गठ्ठा यांचे पृष्ठभाग गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यात सूक्ष्म खड्डे असतात व त्यांत हवा अडकते. तांबे हवेपेक्षा सुमारे १५,००० पट चांगले उष्णतावाहक आहे. यावरून ही हवा किती मोठा अडथळा आहे ते समजा. म्हणून मध्ये उष्णतावाहक पेस्ट लावतात. तुरीच्या दाण्याएवढी पुरे. जास्त लावल्याने काम अधिक चांगले होत नाही.

पेटीचा पुढचा पंखा हवा आत घेणारा आणि मागचा बाहेर टाकणारा असावा. पेटी भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. कूलरचा झोत थेट तिच्यावर सोडू नका. त्यातून पाण्याचे तुषार येतात. कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साठते, म्हणून भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करा. आणि विद्युतपुरवठ्याची बंद पेटी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

करून पाहा

घरी किंवा शाळेत संगणक असेल, तर मोठ्या माणसांना विचारून दुपारी ठराविक वेळी प्रोसेसरचे तापमान आणि खोलीचे तापमान नोंदवा. नंतर संगणक बंद करा, वायर काढा, पंख्याची पाती बोटाने धरून कोरड्या, मऊ ब्रशने धूळ काढा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेच काम चालू असताना पुन्हा नोंद करा. दोन्ही दिवशी प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करा. उरलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहा.

फरक किती आला? तेवढे अंश तुमच्या हातचे. घाट काही हलवता येत नाही, पण ब्रश तर तुमच्या हातातच आहे!