कासामात्सूचा राखी घोडा

शिंगराचा उजवा पुढचा पाय जन्मतःच बाहेर वळलेला होता. रेसच्या घोड्याला याहून वाईट सुरुवात ती काय असणार? 27 मार्च 1985 रोजी जपानच्या होक्काइदो बेटावर जन्मलेल्या या पोराचे खूर फार्मवरच्या माणसांनी पुन्हापुन्हा तासले आणि पाय हळूहळू वळणावर आणला. आई पाजायला नाखूश, म्हणून हा मिळेल ते तण ओरबाडून खायचा. त्याची ही खाखा शेवटपर्यंत सुटली नाही आणि त्याचं बळही बहुधा त्यातच होतं. पुढे त्याचं नाव पडलं ओगुरी कॅप.

घराणं म्हणावं तर बापाकडून भारदस्त. आजोबा नेटिव्ह डान्सर, अमेरिकेतला गाजलेला राखी घोडा. 22 शर्यतींत फक्त एकदा हरलेला, तीही नेमकी 1953ची केंटकी डर्बी. पण बाप डान्सिंग कॅप याच्या पोरांकडून कुणी मोठी आशा धरत नसे, आणि राखी घोडे धावत नाहीत असा जपानी शौकिनांचा जुना समज. त्यामुळे ओगुरी कॅपची रवानगी झाली गिफू प्रांतातल्या कासामात्सूला.

जपानात रेसिंगच्या दोन दुनिया आहेत. एक मध्यवर्ती संस्थेची, तोक्यो-क्योतोच्या हिरवळीवरची. दुसरी स्थानिक सरकारांची, छोट्या गावांतल्या मातीच्या ट्रॅकची. कासामात्सू या दुसऱ्या दुनियेतलं. तिथे 12 शर्यतींत 10 विजय, त्यातले शेवटचे आठ ओळीने. मग 2 कोटी येनला सौदा झाला आणि 1988च्या जानेवारीत घोडा मोठ्या दुनियेत आला.

आणि इथे आडवा आला एक कागद. डर्बीसारख्या क्लासिक शर्यतींसाठी घोड्याचं नाव फार आधी नोंदवावं लागे. कासामात्सूच्या घोड्याचं नाव तिथे कोण कशाला नोंदवणार? त्याने मोठ्या दुनियेत आल्याआल्या सहा ग्रेडेड शर्यती सलग मारल्या. त्यातल्या मार्चमधल्या शर्यतीत चौथा आलेला याएनो मुतेकी पुढच्याच महिन्यात सात्सुकी शो ही क्लासिक जिंकून गेला. ओगुरी कॅप तेव्हा बाहेर. माझ्या मते त्याची खरी लोकप्रियता इथूनच सुरू होते. जिंकणारे घोडे पुष्कळ असतात. दारावर अडवलेल्या घोड्याची बाजू घ्यावीशी वाटते. नियम बदलला 1992 साली, जादा पैसे भरून उशिरा नाव घालायची सोय झाली. टी. एम. ऑपेरा ओ या घोड्याने 1999ची सात्सुकी शो जिंकली ती याच सोयीमुळे.

1989चा शरद मात्र वाचताना आजही राग येतो. मधल्या काळात करचुकवेगिरीच्या प्रकरणात मालकाचा परवाना गेला, घोडा साडेपाचशे दशलक्ष येनला दुसऱ्याकडे गेला. एवढा पैसा ओतला म्हणजे वसूल करणं आलंच. सप्टेंबर ते डिसेंबर सहा शर्यती. 19 नोव्हेंबरला 1600 मीटरची माइल चॅम्पियनशिप त्याने नाकाच्या फरकाने काढली. हरलेलीच शर्यत घोड्याने ओढून आणली होती, आणि जॉकी मिनाई मुलाखतीत रडला. बरोबर सात दिवसांनी जपान कप, 2400 मीटर. समोर न्यूझीलंडची राखी घोडी, नाव हॉर्लिक्स. (आपल्याकडे कपातल्या दुधाशिवाय या नावाला दुसरा अर्थ नाही.) सरळ पट्ट्यात दोन राखी जनावरं पुढेमागे. हॉर्लिक्स मानेने पुढे. दोघांची वेळ मात्र एकच, 2 मिनिटं 22.2 सेकंद, त्या काळचा जागतिक विक्रम.

हरल्यावर त्याचं कापसाचं खेळणं दुकानांत आणखीच खपू लागलं. रेसकोर्सवर तोवर बुजुर्ग पुरुषांचं राज्य होतं. आता कॉलेजच्या मुली कठड्याला रेलून त्याला हाका मारू लागल्या.

1990 साली शरीर बोलू लागलं. शरदातल्या तेन्नो शो या शर्यतीत सहावा, जपान कपमध्ये अकरावा. घोडा संपला, आता निवृत्त करा, असा ओरडा झाला. तरी 23 डिसेंबरच्या आरिमा किनेन या वर्षअखेरच्या मोठ्या शर्यतीसाठी चाहत्यांच्या मतदानात तोच पहिला. पैसा लावताना मात्र लोकांनी त्याला चौथ्या पसंतीवर ठेवलं. मत प्रेमाने दिलं, खिसा अकलेने सांभाळला. नाकायामा रेसकोर्सवर त्या दिवशी 1,77,779 माणूस. पाच वानखेडे भरून वर उरतील.

जॉकी युताका ताके, वय 21. शर्यत संथ चालली. शेवटच्या वळणावर ताकेने घोडा बाहेरून पुढे आणला. टीव्हीवरचा तज्ज्ञ भान विसरून मागून येणाऱ्या मेजिरो रायनच्या नावाने “रायन, रायन” ओरडत होता. रायन पाऊण लांबीने कमी पडला. मग पावणेदोन लाख गळ्यांतून एकच नाव, “ओगुरी, ओगुरी”.

एकूण हिशेब 32 शर्यती, 22 विजय. स्टडवर त्याची पोरं चमकली नाहीत. घराण्याचं नाव राखलं ते त्याच आईच्या ओगुरी रोमन या घोडीने, 1994ची ओका शो ही क्लासिक जिंकून. तो स्वतः 3 जुलै 2010 रोजी पाय मोडून गेला.

त्याआधी, जानेवारी 1991मध्ये निवृत्तीच्या निरोपासाठी त्याला कासामात्सूला नेलं होतं. गाव लोटलं होतं. पाठीवर कात्सुमी आंदो, इथल्या शेवटच्या शर्यतींमधला त्याचा जॉकी. आंदोचा परवाना स्थानिक रेसिंगचा, त्यामुळे घोडा मोठ्या दुनियेत गेला तेव्हा तो मागेच राहिला होता. त्या दिवशी दोघांनी मातीच्या ट्रॅकवर सावकाश फेऱ्या मारल्या.