सिंहाच्या जागी मांजरीचे पिल्लू

प्रभात फिल्म कंपनीची तुतारी चित्रपटगृहात बसून ऐकलेली पिढी आता विरळ होत चालली आहे. तरीही तुतारी फुंकणारी ती स्त्रीची आकृती न ओळखणारा मराठी रसिक आजही सहसा सापडायचा नाही. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या त्या संस्थेची मुद्रा पडद्यावर उमटली, की प्रेक्षक सावरून बसत असे. चित्रपटाची रीतच तशी आहे. मुद्रा आधी, कथा मागाहून. अमेरिकी दूरचित्रवाणीने हा क्रम उलटा केला. तेथे मालिकेची निर्मिती करणाऱ्या संस्थेचे बोधचिन्ह येऊ लागले ते अगदी शेवटी, श्रेयनामावली सरून गेल्यावर, जेमतेम चार-पाच सेकंदांपुरते. तोवर प्रेक्षक खुर्चीतून उठलेला असे, कोणी स्वयंपाकघरात गेलेले असे, कोणी दिवे मालवीत असे. म्हणून हे चिन्ह डोळ्यांइतकेच कानांसाठी घडवावे लागले. ‘ड्रॅगनेट’ या पोलीस मालिकेचे निर्माते जॅक वेब यांच्या ‘मार्क सेव्हन’ संस्थेच्या चिन्हात छिन्नीवर हातोड्याचे दोन घाव पडत. ते पलीकडच्या खोलीतही ऐकू जात. ‘स्क्रीन जेम्स’ या संस्थेच्या १९६५ सालच्या चिन्हाला दिलेले यांत्रिक संगीत तर इतके विचित्र होते, की त्या काळातील कित्येक मुलांना त्याची धास्ती वाटे आणि मोठेपणीही ती आठवण पुसली गेली नाही.

या गंभीर, दरारा बसवणाऱ्या चिन्हांच्या मेळ्यात १९७० साली एक मांजरीचे पिल्लू येऊन बसले.

मेरी टायलर मूर ही अभिनेत्री ‘द डिक व्हॅन डाइक शो’ या मालिकेमुळे साठच्या दशकात घराघरांत पोहोचली होती. सीबीएस वाहिनीने तिला स्वतःची मालिका देऊ केली, तेव्हा १९६९ मध्ये तिने आणि तिचे तत्कालीन पती ग्रँट टिंकर यांनी स्वतंत्र निर्मितीसंस्था काढली. तिच्या नावाची आद्याक्षरे घेऊन संस्थेचे नाव ठेवले एमटीएम एंटरप्रायझेस. ही तीन अक्षरे उच्चारताच अमेरिकी माणसाला दुसरी तीन अक्षरे आठवणे अपरिहार्य होते : एमजीएम. मेट्रो-गोल्डविन-मेयर हा हॉलिवूडचा बलाढ्य स्टुडिओ. १९२४ मध्ये तो स्थापन झाला तेव्हापासून गोल चौकटीतला सिंह ही त्याची ओळख होती. मूळ कल्पना त्याहूनही जुनी, हॉवर्ड डिएट्झ यांनी १९१६ मध्ये गोल्डविन पिक्चर्ससाठी योजलेली. १९२८ पासून त्या सिंहाची डरकाळीही ऐकू येऊ लागली. नव्या, लहानशा, भाड्याच्या जागेत काम करणाऱ्या संस्थेने स्वतःच्या नावातला हा योगायोग लपवला नाही, उलट त्याचीच गंमत केली. तशीच गोल चौकट, तसाच कॅमेऱ्याकडे वळलेला चेहरा. मात्र सिंहाच्या जागी नारिंगी पट्ट्यांचे पिल्लू आणि डरकाळीच्या जागी बारीकसे ‘म्याऊ’.

या पिल्लाचे नाव मिम्सी. निराधार प्राण्यांच्या आश्रयगृहातून ते आणले होते. चित्रीकरणाची एक कथा सांगितली जाते. दिव्यांच्या उजेडात तासन्‌तास बसवूनही मिम्सीने तोंड उघडले नाही. अखेर कंटाळून तिने जांभई दिली. तीच टिपून, उलटी फिरवून, वर आवाज चढवण्यात आला. कथा शब्दशः खरी असो वा नसो, त्या चिन्हाकडे नीट पाहिले की ती पटते. पिल्लाच्या चेहऱ्यावर पराक्रमाचा लवलेशही नाही.

‘द मेरी टायलर मूर शो’ १९ सप्टेंबर १९७० रोजी सुरू झाला आणि सात वर्षांत त्याचे १६८ भाग झाले. मिनीॲपोलिस शहरातील एका सामान्य वृत्तवाहिनीत नोकरी करणारी, तिशी ओलांडलेली अविवाहित स्त्री ही त्याची नायिका. लेखक जेम्स ब्रुक्स आणि ॲलन बर्न्स यांनी तिला आधी घटस्फोटिता कल्पिले होते. वाहिनीला ते रुचले नाही. लेखकच बदला, असाही आग्रह झाला. टिंकर यांनी तो मानला नाही. घटस्फोटाऐवजी मोडलेला वाङ्‌निश्चय एवढी तडजोड झाली, लेखक मात्र टिकले. लेखकाच्या कामात हात घालायचा नाही, हे त्या संस्थेचे पुढे बिरुदच झाले. मालिकेला २९ एमी पुरस्कार मिळाले. ‘र्‍होडा’, ‘लू ग्रँट’, ‘द बॉब न्यूहार्ट शो’, ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ अशी मालिकांची रांग लागली आणि प्रत्येकीच्या शेवटी मिम्सी म्याऊ करू लागली.

येथे एक कायदेशीर बाब समजून घ्यावी लागते, कारण तिच्याशिवाय या चिन्हाचे मोल कळत नाही. चिन्ह म्हणजे मालकीची सही. १९७० मध्येच अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने एक नियम केला. सीबीएस, एनबीसी आणि एबीसी या तीन बड्या वाहिन्यांनी रात्रीच्या मुख्य वेळेत दाखवलेल्या बाहेरच्या मालिकांत आर्थिक हिस्सा ठेवू नये आणि देशांतर्गत पुनःप्रक्षेपणाचे हक्क स्वतः विकू नयेत, असा त्याचा आशय होता. वाहिनी निर्मात्याला प्रत्येक भागासाठी जे शुल्क देई, ते बहुधा खर्चापेक्षा कमी असे. म्हणजे पहिल्या प्रक्षेपणात निर्माता तोट्यातच. पण भागांची संख्या शंभराच्या आसपास गेली, की तीच मालिका देशभरच्या स्थानिक केंद्रांना रोजच्या पुनःप्रक्षेपणासाठी विकता येई आणि तेथे सारी तूट भरून निघून वर नफा उरे. हा नफा कोणाचा, हे ठरले होते ते या नियमामुळे. नियम आणि मिम्सी एकाच वर्षी जन्मास आले, हा योगायोग. पण वाहिन्यांची मान्यता-अमान्यता सोसून लेखकांना पाठीशी घालणारी स्वतंत्र संस्था तग धरू शकली, हा नुसता योगायोग नव्हे.

ऐंशीच्या दशकात हे चिन्ह ऐन बहरात आले. १९८१ मध्ये टिंकर एनबीसीचे प्रमुख होऊन संस्थेबाहेर पडले, त्याच वर्षी त्यांचा आणि मूर यांचा घटस्फोटही झाला. मात्र संस्थेच्या लेखकांची मोकळीक आणि थट्टेखोरपणा ओसरला नाही. जानेवारी १९८१ मध्ये ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ ही पोलीस मालिका आली. पहिल्या वर्षी प्रेक्षकसंख्येच्या यादीत ती तळाशी होती, तरी एमी पुरस्कार मात्र आठ घेऊन गेली. तिच्या शेवटी मिम्सीच्या डोक्यावर पोलिसाची टोपी आली. ‘रेमिंग्टन स्टील’ या गुप्तहेर मालिकेत तिला शेरलॉक होम्सची कानपट्ट्यांची टोपी आणि तोंडात पाईप मिळाला. म्याऊ करायला तोंड उघडले, की पाईप खाली पडे. बोस्टनच्या एका जुनाट रुग्णालयावरील ‘सेंट एल्सव्हेअर’च्या शेवटी ती शस्त्रक्रियेचा मुखपट्टा लावून येई. ‘न्यूहार्ट’ या विनोदी मालिकेत तर चित्र तेच ठेवून आवाज बदलला. नायक बॉब न्यूहार्ट आपल्या नेहमीच्या निर्विकार स्वरात ‘म्याऊ’ म्हणे. त्या मालिकेत डॅरिल नावाचेच दोन भाऊ होते, आठ वर्षे तोंडातून शब्द न काढलेले. २१ मे १९९० च्या अखेरच्या भागात ते पहिल्यांदा बोलले, ‘गप्प बसा!’ असे ओरडले. आणि भाग संपल्यावर मिम्सीच्या तोंडीही तीच आरोळी घातलेली होती.

संस्थेच्या चिन्हाशी असा खेळ करणे त्या काळी नवलाचेच होते. चिन्ह म्हणजे लेटरहेड. त्यावर कोणी चित्रे काढीत नाही. एमटीएमने ती काढू दिली. त्याचा एक सरळ परिणाम असा, की प्रेक्षक शेवटापर्यंत थांबू लागले. श्रेयनामावलीतील कॅमेरामन, संकलक, वेशभूषाकार यांची नावे ज्यांनी एरवी वाचली नसती, त्यांच्या डोळ्यांखालून ती पिल्लाची वाट पाहता पाहता गेली.

यातील सर्वांत धीट प्रसंग २५ मे १९८८ चा. ‘सेंट एल्सव्हेअर’चा तो शेवटचा भाग. काचेच्या गोळ्यात ठेवलेली रुग्णालयाची इमारत पाहत बसलेला एक स्वमग्न मुलगा दाखवून, सहा वर्षांची सारी कथा त्याच्या मनातलीच असावी, असे मालिकेने सुचवले. त्यावरून आजही वाद झडतात. त्यानंतर श्रेयनामावली सुरू झाली, तेव्हा पडद्यावर मिम्सी आडवी पडलेली होती, अंगाला नळ्या जोडलेल्या, शेजारी हृदयाचे ठोके दाखवणारे यंत्र. नावे सरत गेली, यंत्राचा टिकटिकाट चालू राहिला आणि शेवटी त्याची रेषा सपाट झाली. काही प्रेक्षकांना हा विनोद क्रूर वाटला असल्यास नवल नाही. योग असा, की ज्या मांजरीवरून ते चित्र घेतले होते ती खरी मिम्सीही त्याच वर्षी, सुमारे वीस वर्षांची होऊन, मरण पावली.

त्याच १९८८ मध्ये एमटीएम विकली गेली. घेणारी होती टीव्हीएस, म्हणजे दक्षिण इंग्लंडमधील व्यावसायिक वाहिनी चालवणारी ब्रिटिश संस्था. व्यवहार ३२ कोटी डॉलरचा. हा घास तिला पेलला नाही. १९९१ च्या लिलावात तिचा प्रक्षेपण परवानाच गेला आणि १९९२ च्या अखेरच्या दिवशी ती वाहिनी बंद झाली. पुढे १९९३ मध्ये ‘फॅमिली चॅनल’ चालवणाऱ्या कंपनीने आणि १९९७ मध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या फॉक्स समूहाने हा साठा विकत घेतला. त्यानंतर एमटीएम नावाची निर्मितीसंस्था उरली नाही, उरले ते जुन्या चित्रफितींचे भांडार.

इकडे १९७० चा तो नियमही १९९३ मध्ये मोठ्या प्रमाणात मोडीत निघाला आणि १९९५ पर्यंत पुरता संपला. वाहिन्या स्वतःच मालिका काढू लागल्या. वाहिनीचे नाव आणि निर्मात्याचे नाव एकच होऊ लागले. एनबीसीने १९९४ पासून आणखी एक प्रघात पाडला. श्रेयनामावली पडद्याच्या एका कडेला दाबायची आणि उरलेल्या जागेत पुढील कार्यक्रमाची जाहिरात करायची. इतर वाहिन्यांनीही तेच केले. ज्या चार सेकंदांत मिम्सी तोंड उघडत असे, ते सेकंद आता विकाऊ झाले होते. आजच्या ओटीटी मंचांवर तर श्रेयनामावली सुरू होताच पुढचा भाग आपोआप लागतो.

पुनःप्रक्षेपणात आणखी एक गोष्ट घडते. मालकी बदलली, की नवा मालक आपले चिन्ह शेवटी चिकटवतो; कधी जुन्याच्या नंतर, कधी जुने कापून त्याच्या जागी. जुन्या चिन्हांचे नमुने जपणारे हौशी संग्राहक म्हणूनच घरगुती व्हिडिओ कॅसेटींवरचे मूळ ध्वनिमुद्रण धुंडाळतात. एखादी मालिका कोणाकोणाच्या हातांतून गेली, हे कळण्यासाठी त्या शेवटच्या काही सेकंदांइतका बोलका कागद दुसरा नसतो. इमारतीच्या जोत्यावरील शिलालेख वाचून बांधणारा कोण आणि डागडुजी करणारा कोण हे ताडावे, तसेच हे काम आहे. फरक इतकाच, की येथे शिलालेख पुसण्याचा अधिकार नव्या मालकाला असतो.

ग्रँट टिंकर २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये आणि मेरी टायलर मूर २०१७ च्या जानेवारीत निवर्तले. मिम्सीचे हक्क २०१९ मध्ये फॉक्सच्या मालमत्तेबरोबर डिस्नेकडे गेले. जिच्या नकलेतून ती जन्मली, त्या एमजीएमला २०२२ मध्ये ॲमेझॉनने सुमारे साडेआठ अब्ज डॉलरला विकत घेतले. त्याच्या आदल्याच वर्षी चौकटीतला खरा सिंह काढून त्या जागी संगणकावर घडवलेला सिंह बसवण्यात आला होता. मिम्सीच्या बाबतीत तसे काही करण्याची वेळ कोणावर आलेली नाही. जुन्या भागांच्या ज्या प्रतींना कात्री लागलेली नाही, त्यांच्या शेवटी ती अजून येते, टोपीसह किंवा टोपीविना, आणि म्याऊ करून जाते.