गिरड

गिरड : महाराष्ट्र राज्याच्या वर्धा जिल्ह्यातील एक यात्रास्थान. ते समुद्रपूर तालुक्यात, वर्ध्याच्या आग्नेयीस सु. ६० किमी. अंतरावर, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांच्या सीमांजवळ वसले आहे. टेकडीवरील शेख फरीद यांचा दर्गा, टेकडीच्या उतारावर सापडणारे गोलसर दगड आणि सभोवतालचे वन्य प्राण्यांचा वावर असलेले जंगल यांसाठी हे स्थळ प्रसिद्ध आहे.

दर्ग्यास हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांचे भाविक येतात. फिरस्तीचे फकिरी जीवन संपवून शेख फरीद सु. १२४४ मध्ये या टेकडीवर आले, अशी परंपरा आहे. तेराव्या शतकातील चिश्ती परंपरेचे संत बाबा फरीद यांच्याशी भाविक त्यांचा संबंध जोडतात. त्या बाबा फरीद यांची कबर मात्र पाकिस्तानातील पाकपट्टन येथे आहे. दगडांविषयीची आख्यायिका अशी : दोन बंजारा व्यापाऱ्यांनी संताची थट्टा केली, तेव्हा त्यांच्याजवळील नारळ व इतर माल यांचे दगड झाले. त्यांनी क्षमा मागितल्यावर संताने वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. त्यानंतर ते आमरण संताच्या सेवेत राहिले.

भूविज्ञानाच्या दृष्टीने हे दगड बेसाल्ट खडकातील पोकळ्या भरून तयार झाले आहेत. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठातील भेगांतून लाव्हा रसाचे थरांवर थर पसरून दख्खनचे बेसाल्टी पठार निर्माण झाले. त्याची पूर्व कड विदर्भात संपते. रस थिजत असताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे खडकांतून झिरपणाऱ्या उष्ण पाण्यातून त्यांत झिओलाइटे, क्वॉर्ट्‌झ, अकीक इ. खनिजे साचली. बाहेरचा बेसाल्ट झिजून माती झाली, की ही टणक भरण सुटी होऊन उतारावर पडते. कापसाची काळी जमीन व आख्यायिकेतील नारळ यांचे मूळ अशा रीतीने एकाच खडकात आहे. दगड झिजेने हळूहळूच बाहेर पडत असल्याने, आठवण म्हणून ते उचलून नेल्यास उतारावरील साठा तितक्या लवकर भरून येत नाही.

अशीच घडण दक्षिण अमेरिकेतही पाहावयास मिळते. ब्राझीलचा दक्षिण भाग, यूरग्वाय, पॅराग्वाय व अर्जेंटिना यांत पसरलेले पाराना बेसाल्ट सु. १३.४ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे दख्खनपेक्षा जुने आहेत. इग्वासू नदीचा प्रख्यात धबधबा त्यांच्याच थरांवरून कोसळतो. तेथे जाणारे प्रवासी अर्जेंटिनाच्या मिस्योनेस प्रांतातील वांदा येथील खाणींत ॲमेथिस्ट व अकीक यांनी भरलेल्या पोकळ्या पाहतात. धबधब्याभोवतीच्या अरण्यात जॅग्वार आहे. तेथे अर्जेंटिनाने १९३४ मध्ये व ब्राझीलने १९३९ मध्ये राष्ट्रीय उद्याने स्थापिली. केवळ उद्यानांनी जॅग्वारचे रक्षण होत नाही, त्यांमधील वनेही सलग असावी लागतात. म्हणून मिस्योनेसने १९९९ मध्ये हरित संचारमार्गाचा कायदा केला.

गिरडच्या जंगलाचे महत्त्वही त्याच्या स्थानात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी, नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील उमरेड-पवनी-कऱ्हांडला (अभयारण्य, २०१२) आणि वर्धा जिल्ह्यातील बोर (व्याघ्र प्रकल्प, २०१४) यांच्या मधल्या प्रदेशात ते येते. साग, ऐन, तेंदू, मोह व पळस यांच्या या पानझडी वनात चितळ, रोही, रानडुक्कर, अस्वल, बिबट्या आणि वाघ आढळतात. तरुण वाघ नव्या क्षेत्राच्या शोधात अशा वनपट्ट्यांतून दूरवर जातात. ‘जय’ नावाचा वाघ नागझिऱ्याहून २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात आला होता. २०१६ मध्ये तो नाहीसा झाला. त्याच्यापासून झालेला ‘श्रीनिवास’ हा वाघ २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने मरण पावला.

असे कुंपण कायद्याने निषिद्ध आहे. पण त्यामागील अडचण खरी आहे. कापूस, सोयाबीन, तूर व हरभरा ही येथील प्रमुख पिके असून रोही व रानडुकरांचे कळप रात्रीतून शेत फस्त करतात. त्यामुळे शेतकऱ्यास जागलीला जावे लागते, आणि कृषिपंपांची वीज पुष्कळदा रात्रीच मिळत असल्याने ओलितासाठीही काळोखात शेत गाठावे लागते. वाघाचा वावर असलेल्या गावी ही दोन्ही कामे जिवावरची ठरतात. पीक, गुरे व मनुष्य यांच्या हानीबद्दल शासन भरपाई देते. तथापि ती घडून गेलेल्या हानीची असते, रात्रीचा धोका तिने कमी होत नाही. ओलितासाठी दिवसा वीज, सौरऊर्जेवरील सौम्य धक्क्याची कुंपणे व जंगलाची सलगता हे उपाय एकत्र योजिले, तरच शेती आणि वाघ दोन्ही येथे टिकू शकतील.

पावसाळ्यानंतर येथील वन हिरवे असते, तर फाल्गुनात पळस फुलतो. टेकडीवरून काळी शेते व त्यांपलीकडील वनांची किनार दिसते. दर्ग्याच्या वाटेवरील दगड जेथल्या तेथे राहू द्यावेत आणि जंगलालगतच्या रस्त्यांवर सायंकाळनंतर पायी फिरू नये, एवढे पथ्य प्रवाशांनी पाळणे आवश्यक आहे.