‘फ्रँकेन्स्टाइन’चे माध्यमांतर : हिरावलेल्या वाणीचा प्रश्न

मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ साली लंडनमध्ये लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. ध्रुवप्रदेशाकडे निघालेल्या वॉल्टनची पत्रे, त्यांत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनचे निवेदन आणि त्याच्याही गाभ्यात व्हिक्टरने निर्माण केलेल्या जिवाचे आत्मकथन, अशी तिची रचना आहे. १८३१ च्या आवृत्तीत या आत्मकथनाने सहा प्रकरणे व्यापली आहेत. भिंतीच्या फटीतून एका कुटुंबाचे बोलणे ऐकून हा जीव भाषा शिकतो, मिल्टन, प्लूटार्क आणि गटे वाचतो आणि अखेर आपल्या निर्मात्याला जाब विचारतो. त्याने केलेले खून क्षम्य ठरत नाहीत. परंतु त्याची बाजू ऐकल्याशिवाय वाचकाला निवाडा करता येत नाही.

जेम्स व्हेल यांनी १९३१ साली दिग्दर्शित केलेला चित्रपट बोलपट असूनही त्यात हा जीव एक शब्दही उच्चारत नाही. हे मौन मूळचे रंगभूमीवरचे. १८२३ साली लंडनमध्ये झालेल्या रिचर्ड पीक यांच्या नाट्यरूपांतरातही तो मूकच होता. तो प्रयोग स्वतः मेरी शेली यांनी पाहिला होता आणि पात्रपरिचयात त्याच्या नावाच्या जागी सोडलेली रिकामी रेघ त्यांना आवडली होती. व्हेल यांच्या चित्रपटाच्या आरंभीच्या श्रेयनामावलीत कलावंताच्या नावाऐवजी प्रश्नचिन्ह आहे.

वाणी गेल्यावर गुन्ह्याचे कारण अन्यत्र शोधणे भाग पडले. पटकथेने ते मेंदूत शोधले : सहायक फ्रिट्झ चुकून विकृत मेंदू चोरून आणतो. कादंबरीत याचा मागमूसही नाही. तेथे निर्मात्याने केलेला त्याग आणि समाजाचा तिरस्कार यांतून क्रौर्य घडते. ही भर म्हणजे रूपांतराचा सर्वांत दुबळा दुवा होय. बोरिस कार्लॉफ यांचा अभिनयच ती खोडून काढतो. छतातून प्रथमच येणाऱ्या प्रकाशाकडे उंचावलेले त्यांचे हात विकृतीचे खचितच नव्हेत.

पाण्याकाठच्या दोन प्रसंगांची तुलना येथे उद्बोधक ठरते. कादंबरीत हा जीव नदीत बुडणाऱ्या मुलीला वाचवतो आणि त्याबद्दल त्याला गोळी खावी लागते. चित्रपटात तो मारिया या बालिकेबरोबर तळ्यात फुले सोडतो. फुले संपल्यावर तीही तरंगेल अशा समजुतीने तिलाच पाण्यात टाकतो. येथे अज्ञान आहे, दुष्टावा नाही. पुढे पुनःप्रदर्शनाच्या वेळी या दृश्याला कात्री लागली. हात मुलीकडे वळतात, दृश्य तुटते आणि नंतर तिचा मृतदेह उचलून चाललेला पिता तेवढा दिसतो. प्रेक्षकाने मधल्या जागेत काय कल्पावे, हे सांगावयास नकोच. शब्द आधीच गेले होते. आता त्यांच्या जागी आलेली कृतीही गेली. १९८० च्या दशकात हा भाग पुन्हा जोडण्यात आला.

व्हेल यांच्याच १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये एक अंध एकांतवासी त्याला काही शब्द शिकवतो. कादंबरीतील डी लेसी या अंध वृद्धाचाच हा पडसाद. फरक इतकाच की, डी लेसीसमोर उभा राहतो तेव्हा त्या जिवाला बोलणे शिकवावे लागत नाही.