सोबत आलेल्या जोडीदाराचे पहिले वर्ष : जर्मनीत स्थिरावणारी मराठी जोडपी

जर्मनीच्या नैऋत्येकडील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्याचे महाराष्ट्राशी असलेले नाते जुने आहे. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचे भगिनीशहर आहे, श्टुटगार्ट परिसरातील मर्सिडीज-बेन्झ आणि बॉश या कंपन्यांचे कारखाने चाकणला उभे आहेत, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने याच राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. या संबंधांतून पुण्या-नाशिककडची जी तरुण जोडपी तिकडे जातात, त्यांच्या घरी जाण्यापूर्वी पगार, कर, परवाना यांची तपशीलवार चर्चा झालेली असते. परंतु ज्याला किंवा जिला नोकरी मिळालेली नाही, केवळ विवाहामुळे जी व्यक्ती सोबत निघाली आहे, तिचे पुढे काय, हा प्रश्न बहुधा ‘तिकडे गेल्यावर बघू’ एवढ्या उत्तरावर सोडून दिला जातो. वस्तुतः परक्या मुलुखात बिऱ्हाड रुजते की नाही, हे मुख्यतः या दुसऱ्या व्यक्तीच्या पहिल्या वर्षावर अवलंबून असते, आणि म्हणून त्या वर्षाचा विचार प्रस्थानाआधीच होणे आवश्यक आहे.

मराठी वाचकाला अमेरिकेचे उदाहरण अधिक परिचयाचे आहे. तेथे ‘एच-१बी’ परवान्यावर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला ‘एच-४’ परवाना मिळतो, आणि त्यावर नोकरी करण्याची मुभा मुळात नव्हती. २०१५ पासून ती मिळू लागली, पण कायम वास्तव्याच्या अर्जाचा ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांपुरतीच. उच्चशिक्षित स्त्रियांना या नियमाने उमेदीची कितीतरी वर्षे घरात बसवले. जर्मनीची रचना याहून उदार आहे. उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठी तेथे २०१२ पासून ‘ब्लू कार्ड’ हा वास्तव्य-परवाना दिला जातो. हे कार्ड असलेल्याच्या पतीला वा पत्नीला जर्मन भाषेची परीक्षा न देता येता येते, आणि आल्यावर कोणतीही नोकरी किंवा व्यवसाय करण्याचा अधिकार असतो. मात्र भाषेची अट नसल्यामुळेच भाषा शिकण्याची निकड आधी जाणवत नाही. अभियंत्याच्या कार्यालयात इंग्रजीवर भागते, परंतु शिक्षिका, परिचारिका, वकील, लेखापाल अशा व्यवसायांत जर्मनशिवाय पाऊल ठेवता येत नाही. रुग्णालयातील परिचारिकेला साधारणपणे भाषाज्ञानाची ‘बी-२’ पातळी लागते, तर डॉक्टरला वैद्यकीय संभाषणाची त्याहून कठीण अशी स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. अधिकार असूनही काम मिळत नाही अशी ही अवस्था असते, आणि सोबत आलेल्या व्यक्तीला ती स्वतःचीच उणीव वाटू लागते.

युरोपात भाषाज्ञानाच्या ‘ए-१’ ते ‘सी-२’ अशा सहा पातळ्या मानल्या जातात. त्यांपैकी तिसऱ्या, म्हणजे दैनंदिन व्यवहार स्वतःच्या बळावर करता येण्याच्या ‘बी-१’ पातळीपर्यंत नेणाऱ्या सरकारमान्य एकात्मता-वर्गात पंचेचाळीस मिनिटांचा एक असे सामान्यतः ६०० भाषा-तास आणि जर्मनीचा इतिहास, कायदा व समाजजीवन यांची ओळख करून देणारे १०० तास असतात. शहराशहरांत असलेल्या ‘फोल्क्सहोखशूले’ या लोकविद्यालयांत असे वर्ग चालतात. रोज अर्धा दिवस दिला तरी हे काम कित्येक महिन्यांचे आहे, आणि नोकरीसाठी बहुधा त्यापुढची पातळी लागते. पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयांपासून रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवनापर्यंत जर्मन शिकण्याची उत्तम परंपरा असताना, विवाह ठरल्यापासून व्हिसा मिळेपर्यंतचे महिने केवळ खरेदीत आणि भेटीगाठींत जावेत, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

प्रत्यक्ष पोहोचल्यावर पहिले काम असते पत्त्याच्या नोंदणीचे, ज्याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरकार्यालयात जाऊन, घरमालकाने सही केलेला वास्तव्याचा दाखला दाखवून, दोघांनाही आपली नावे नोंदवावी लागतात. बँकेचे खाते, विमा, परवाना ही पुढची सारी कामे या नोंदीवर अवलंबून असतात. येथे एक लहानशी गोष्ट अनेकांना नडते. जर्मनीतील इमारतींत सदनिकांना बहुधा क्रमांक नसतो, आणि टपाल पोहोचते ते दाराच्या घंटीवरील व पत्रपेटीवरील आडनावावरून. मराठी स्त्रीच्या पारपत्रावर पुष्कळदा माहेरचे आडनाव असते, तर पत्रपेटीवर केवळ पतीचे आडनाव लावलेले असते. परिणामी तिच्या नावाने निघालेले करक्रमांकाचे पत्र, विमाकार्ड किंवा बँकेचा गुप्त क्रमांक ‘पत्त्यावर अशी व्यक्ती नाही’ म्हणून परत जाऊ शकतो. पत्रपेटीवर दोन्ही आडनावे पहिल्याच दिवशी लावणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि त्या घरात दोन स्वतंत्र माणसे राहतात याची ती इमारतीतील पहिली खूणही ठरते.

घरभाड्याची रीतही वेगळी आहे. जाहिरातीत ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचे भाडे आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे पाणी, उष्णता, सफाई इत्यादींचा खर्च धरून होणारे भाडे असे दोन आकडे असतात; अनामत रक्कम कायद्याने नुसत्या भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही, आणि ती तीन समान हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला अधिकार असतो. अनेक रिकाम्या सदनिकांत स्वयंपाकघरच नसते, म्हणजे ओटा, शेगडी, कपाटे आणि कधी कधी भांडी घासण्याचे सिंकही आधीचा भाडेकरू सोबत घेऊन गेलेला असतो, किंवा नव्या भाडेकरूला ते वेगळ्या किमतीला विकत असतो. उघडी भिंत आणि नळाची तोटी एवढेच पाहून नवे जोडपे खचून जाते, पण हा खर्च आधीच धरून ठेवला तर तो धक्का राहत नाही.

श्टुटगार्टच्या परिसरात ‘केअरवोखे’, म्हणजे झाडलोटीचा आठवडा, ही प्रथा आजही पाळली जाते. इमारतीतील जिना, तळघराची वाट आणि दारापुढचा पदपथ झाडण्याची पाळी ज्या घरावर असेल त्याच्या दारावर एक पाटी अडकवली जाते, आणि आठवडा संपला की ती शेजारच्या दारावर जाते. घरकामाला बाई असण्याची सवय असलेल्या जोडप्याला ही पाटी प्रारंभी कमीपणाची वाटण्याचा संभव असतो. परंतु तेथे कारखान्याचा व्यवस्थापकही हातात झाडू घेऊन जिना उतरतो, आणि एरवी केवळ मान लववून पुढे जाणारी शेजारीण या निमित्ताने थांबून चार शब्द बोलते. ती बोलते ते बहुधा स्थानिक श्वाबियन बोलीच्या वळणाने, त्यामुळे वर्गात शिकलेले जर्मन प्रथम काहीच कामाचे वाटत नाही. तरी भाषा कानावर बसते ती अशाच जिन्यावरच्या बोलण्यांतून. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता राखणे, रविवारी भिंतीला छिद्रे न पाडणे, काचेच्या बाटल्या त्या दिवशी हौदात न टाकणे, हे नियमही अशाच सोबतीने अंगवळणी पडतात.

नव्या देशात मन कसे बसते याविषयी नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये, अमेरिकेत शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखतींवरून एक कल्पना मांडली : आरंभी उत्साह, मग काही काळ खिन्नता आणि एकाकीपणा, आणि नंतर हळूहळू जम, असा हा आलेख इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा दिसतो. पुढील संशोधनात हा आकार सर्वांना लागू पडत नाही असे आढळले असले, तरी जोडप्याच्या बाबतीत एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे, ती म्हणजे दोघांचे आलेख एकाच वेळी खाली-वर होत नाहीत. नोकरी करणाऱ्याला कार्यालय, सहकारी आणि ठरलेली वेळ लाभते. घरी राहणाऱ्याचा दिवस मात्र मोकळा असतो, आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. भारताची वेळ हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असल्याने, दुपारच्या वेळी घरी फोन लावला की तिकडे संध्याकाळ, सारी मंडळी मोकळी. असे रोजचे दोन-तीन तास गेले की शरीर श्टुटगार्टला आणि दिनक्रम पुण्याचा अशी स्थिती होते. याच सुमारास जोडीदाराचा आलेख वर चढत असला, तर ‘आता तर सगळे सुरळीत झाले’ हे त्याचे म्हणणे दुसऱ्याला टोचते, आणि बाहेरून क्षुल्लक दिसणारी भांडणे सुरू होतात. त्यांचे मूळ स्वभावात शोधण्याऐवजी दोघांच्या दिवसांच्या रचनेत शोधणे अधिक न्याय्य ठरते.

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी जाणून घेण्याजोग्या आहेत. सार्वजनिक आरोग्यविम्यात उत्पन्न नसलेला जोडीदार जादा हप्ता न भरता कुटुंबविम्यात समाविष्ट होतो, ही मोठी सोय आहे. करव्यवस्था मात्र गुंतागुंतीची आहे : विवाहित जोडप्याला प्रारंभी दोघांसाठी चौथा करवर्ग मिळतो, परंतु एकाचे उत्पन्न बरेच अधिक असल्यास त्याच्यासाठी तिसरा आणि दुसऱ्यासाठी पाचवा वर्ग निवडता येतो. त्यामुळे घरात दरमहा येणारी एकूण रक्कम वाढते, पण पाचव्या वर्गातील व्यक्तीच्या पगारातून इतकी कपात होते की तिची कमाई प्रत्यक्षाहून फारच लहान दिसते, आणि ‘एवढ्यासाठी कशाला नोकरी’ असे घरातच म्हटले जाऊ लागते. वर्षअखेरच्या विवरणपत्रात हिशेब जुळतो हे खरे, परंतु बाळंतपणानंतर मिळणारा पालकभत्ता हातात पडणाऱ्या पगारावरून ठरत असल्याने, मूल होण्याचा विचार असलेल्या जोडप्याने ही निवड वेळीच तपासणे अगत्याचे आहे.

बाळंतपणाला आईने येऊन राहावे ही मराठी घरांची स्वाभाविक अपेक्षा असते, परंतु अल्पकालीन भेटीसाठीच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. मात्र जर्मनीत प्रसूतीनंतर सुईण घरी येऊन बाळाला व बाळंतिणीला तपासते, स्तनपान आणि अंघोळ यांविषयी मार्गदर्शन करते, आणि तिचा खर्च आरोग्यविमा उचलतो. चांगल्या सुइणी लवकर मिळत नाहीत, म्हणून गर्भारपणाच्या सुरुवातीलाच शोध घ्यावा लागतो. बाळ एक वर्षाचे झाले की पाळणाघरातील जागेवर त्याचा २०१३ पासून कायदेशीर हक्क आहे, पण जागा अपुऱ्या असल्याने नाव फार आधी नोंदवावे लागते, आणि जागा मिळेपर्यंत सहसा आईचेच शिक्षण किंवा नोकरी लांबणीवर पडते.

सोबत आलेल्या व्यक्तीचा परवाना विवाहाशी जोडलेला असतो, हे स्पष्टपणे सांगितले जात नाही, आणि ते सांगितले गेले पाहिजे. जर्मनीत पती-पत्नी म्हणून तीन वर्षे एकत्र राहिल्यानंतर विवाह मोडला, तरी जोडीदाराला राहण्याचा स्वतंत्र अधिकार मिळू शकतो. त्याआधीही छळ किंवा हिंसाचार यांसारख्या विशेष हालअपेष्टेच्या प्रसंगी कायद्याने अपवाद ठेवला आहे. ‘तुझा व्हिसा माझ्यामुळे आहे’ या धमकीला घाबरून गप्प राहणाऱ्या स्त्रियांना हे ठाऊक असणे अत्यंत गरजेचे आहे. हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ११६ ०१६ हा निःशुल्क दूरध्वनी चोवीस तास चालतो, तेथे अनेक भाषांत बोलता येते, आणि नाव सांगावे लागत नाही.

कायम वास्तव्याच्या बाबतीतही दोघांची घड्याळे निरनिराळी चालतात. ब्लू कार्डधारकाला ‘ए-१’ पातळीवर २७ महिन्यांत आणि ‘बी-१’ पातळीवर २१ महिन्यांत कायम परवाना मिळू शकतो, तर जोडीदाराला त्यासाठी आपल्या अटी वेगळ्या पूर्ण कराव्या लागतात. नागरिकत्वाची मुदत २०२४ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे पाच वर्षांवर आणली, आणि जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मान्यताही दिली. भारत मात्र ते मानत नसल्याने जर्मन पारपत्र घेणाऱ्याला भारतीय पारपत्र परत करावे लागते. त्यानंतर घेतलेल्या ‘ओसीआय’ (परदेशस्थ भारतीय नागरिक) नोंदणीवर भारतात येण्या-राहण्याची मोकळीक मिळते, परंतु मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली मात्र ठेवता येते. ज्यांच्या घरी सातबाऱ्यावर नाव लागण्याला अर्थ आहे, अशा जोडप्यांत म्हणून एकाने नागरिकत्व घ्यावे आणि दुसऱ्याने कायम परवान्यावर राहावे असाही निर्णय होऊ शकतो. कायद्याने दोघांनी एकच मार्ग निवडणे बंधनकारक नाही.